वाघाला काय ठाऊक

लेकीकडून परतताना म्हातारी भोपळ्यात बसते, भोपळा वाघासमोरून गडगडत निघून जातो आणि वाघ म्हातारीची वाट बघत बसून राहतो. मराठी घरांत लहान मुलाला हमखास सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीचा सगळा जीव एका ठिकाणी आहे: आत म्हातारी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, वाघाला ठाऊक नाही. चार-पाच वर्षांची मुले या जागी खुदखुदतात. स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, मूल इथे हसेलच असे नाही. एवढा गडगडला भोपळा, तर म्हातारीला घेरी कशी आली नाही, असे ते विचारील. आत बसल्यावर भोपळ्याचे तोंड कोणी बंद केले, असे विचारील. किंवा काहीच न विचारता चित्रातल्या वाघाचे पट्टे मोजत बसेल. मग घरात, बालवाडीत, कधी तपासणीच्या खोलीतही निकाल दिला जातो की याला गोष्ट कळत नाही. माझे म्हणणे असे की हा निकाल अपुऱ्या चौकशीवर दिलेला असतो. गोष्टींच्या जाती असतात. त्यांतल्या काही स्वमग्न मुलांना इतरांइतक्याच, क्वचित इतरांहून चांगल्या उमगतात आणि एक जात त्यांना जड जाते. मुलांना सांगायच्या गोष्टींत आपण नेमकी तीच जात इतकी भरून ठेवली आहे की बाकीच्या जातींना गोष्ट म्हणायचेही आपल्याला सुचत नाही.

या म्हणण्याला आधार आहे तो लंडनमध्ये झालेल्या दोन प्रयोगांचा. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला पहिला प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे ॲन ती काढून डब्यात ठेवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? साडेचार वर्षांच्या आसपासच्या मुलांपैकी आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकीही शेकडा ८५ च्या आसपास मुलांनी टोपलीकडे बोट केले. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी डबा दाखवला. गोटी खरोखर डब्यातच होती, हे त्यांचे अगदी बरोबर होते. सॅलीच्या डोक्यात ती अजून टोपलीत आहे, हे मात्र त्यांच्या हिशेबात आले नव्हते. वाघ आणि भोपळा यांचा पेच हाच आहे. हा प्रयोग इतका गाजला की ‘स्वमग्न मुलाला दुसऱ्याचे मन वाचता येत नाही’ हे वाक्य त्यातून निघून सगळीकडे पसरले आणि प्रयोगात काय मोजले होते ते मागे राहिले.

त्याच तिघांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग फारसा कोणी सांगत नाही. गोष्टींच्या दृष्टीने तो मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात चार-चार चित्रांच्या गोष्टी होत्या. पहिले चित्र मांडून द्यायचे, उरलेली तीन मुलाने क्रमाने लावायची आणि मग गोष्ट सांगायची. आपल्या पाठ्यपुस्तकांत चित्रांचा क्रम लावायला सांगतात तसेच हे काम. चित्रकथा मात्र तीन जातींच्या निवडल्या होत्या. पहिल्या जातीत वस्तूवर वस्तू आदळते आणि काहीतरी घडते: दगड उतारावरून घरंगळतो, फुगा हातातून सुटतो. दुसऱ्या जातीत माणसे असतात, पण त्यांच्या मनात शिरायची गरज नसते. दुकानात जाणे, खाऊ घेणे, पैसे देणे असा रोजचा क्रम असतो. तिसऱ्या जातीत मनात शिरल्याशिवाय गोष्ट जुळतच नाही. मुलगी बाहुले मागे ठेवून फूल तोडायला वाकते, कोणी ते उचलून नेते, ती वळते आणि चकित होते. ती चकित का झाली हे कळले तरच शेवटचे चित्र शेवटी येते. निकाल असा लागला की वस्तूंच्या गोष्टी स्वमग्न मुलांनी सर्वसाधारण आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या अशा इतर दोन्ही गटांहून सरस लावल्या, रोजच्या वागण्याच्या गोष्टींत ती सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने चालली आणि मनाच्या गोष्टीत मागे पडली. तिसऱ्या जातीची गोष्ट सांगतानाही त्यांच्या बोलण्यात ‘तिला वाटले’, ‘तिला माहीत नव्हते’ असे शब्द कमी आले. काय झाले एवढेच आले.

या निकालाचा पूर्वार्ध आपण सहसा वाचत नाही. क्रम लावणे, कारण आणि परिणाम जोडणे, आधी काय घडले ते लक्षात ठेवून नंतरचे ओळखणे ही गोष्ट समजण्याची मूळ कामे या मुलांनी केली होती. अडचण स्मरणात किंवा तर्कात असती तर ती तिन्ही जातींत दिसली असती. पुढे १९९१ आणि १९९२ च्या दोन अभ्यासांनी ही शंका आणखी एका बाजूने तपासली. खोलीतल्या एका वस्तूचा झटपट छापून निघणारा फोटो काढला, फोटो तयार होण्याआधी वस्तू दुसरीकडे हलवली आणि विचारले, फोटोत ती कुठे दिसेल? फोटोतली वस्तू ‘जुन्या जागी’ आहे, जशी सॅलीच्या डोक्यातली गोटी जुन्या जागी आहे. सॅलीच्या प्रश्नाला अडखळणारी बहुतेक स्वमग्न मुले फोटोच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत होती. म्हणजे जुने चित्र आणि नवे वास्तव एकाच वेळी डोक्यात धरणे त्यांना जमते. ते जुने चित्र दुसऱ्याच्या डोक्यात आहे आणि डोळ्यांना दिसत नाही, एवढ्याने फरक पडतो. मग ते दिसेल असे केले तर? चित्रकथांत पात्राच्या डोक्यावर ढगासारखा फुगा काढून त्यात विचार दाखवतात, तसे फुगे वापरून हेन्री वेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांना शिकवले. २००२ मध्ये त्यांनी नोंदवले की मुले सॅलीसारखे प्रश्न सोडवू लागली आणि काही मुलांना ते न शिकवलेल्या प्रश्नांतही जमले. जे मन अदृश्य असताना जड गेले, ते कागदावर उतरल्यावर वाचता आले.

आता आपल्या गोष्टींकडे पाहू. तहानलेला कावळा खडे टाकतो आणि पाणी वर येते, ही पहिल्या जातीची शुद्ध गोष्ट. तीत फसवाफसवी नाही, फक्त आकारमान आहे. टोपीविक्याने टोपी फेकली की माकडे फेकतात. मुलाला टोपीविक्याचा डाव ओळखता आला नाही तरी माकडांची नक्कल पुरते. माकड आणि मगर, म्हातारी आणि भोपळा, बिरबलाची खिचडी या मात्र पूर्णपणे मनाच्या गोष्टी; एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसणे हेच त्यांचे इंधन. सर्वांत रंजक आहे ती चिऊ-काऊची गोष्ट, कारण तीत तिन्ही जाती एकामागून एक येतात. शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि मेणाचे टिकते, हा पदार्थविज्ञानाचा भाग. मग काऊ दार ठोठावतो आणि चिऊ बाळाचे एकेक काम सांगून त्याला थांबवते. हा ठरलेला, मोजून म्हणता येणारा क्रम, आणि स्वमग्न मुलाला बहुधा सर्वांत आवडणारा. पण त्या क्रमाच्या आत एक न बोललेला प्रश्न आहे: चिऊला खरेच काम आहे की दार उघडायचेच नाही? यावर मोठ्यांचेही एकमत नसते. (चिऊ टाळाटाळ करते याबद्दल मला शंका नाही, पण गोष्टीत तसे कुठे म्हटलेले नाही.) मूल पहिले दोन भाग रंगून ऐकते आणि तिसरा त्याच्या हाती लागत नाही. त्याला गोष्ट कळली नाही असे म्हणणे म्हणजे तीनपैकी दोन उत्तरे बरोबर असताना शून्य गुण देणे.

असे गुण देण्याची सवय जुनी आहे. मराठीतले छापील बालवाङ्मय मुळात बोधासाठी जन्मले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ ची. प्राण्यांची गोष्ट सांगायची आणि शेवटी तात्पर्य काढायचे हा साचा शाळेने उचलला आणि आजही गोष्टीखालचा ठळक प्रश्न ‘यावरून काय शिकलात?’ हाच असतो. कोल्हा आणि कावळ्याच्या गोष्टीचे तात्पर्य काढायचे तर आधी कोल्ह्याचा हेतू, मग कावळ्याची खुशामतीला भुलण्याची वृत्ती, मग लेखकाचा रोख असे तीन थर उलगडावे लागतात. चीज कुठून कुठे पडले, हे कोणी विचारत नाही. ज्या मुलाचे पाऊल तिथे पक्के पडते ती पायरी आपण प्रश्नपत्रिकेतून काढून टाकली आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मुलाला जे सोपे तेच देत राहिलो तर ते वस्तू आणि वेळापत्रके यांतच अडकेल. माणसांत राहायचे तर माणसांची मने कळायला नकोत का? हवीत. मनाच्या गोष्टी बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे जाण्याचा रस्ता बदला असे म्हणतो. घटनांचा क्रम पक्का झाला की कोणाला काय दिसले हे विचारता येते. कोणाला काय दिसले हे कळले की कोणाला काय ठाऊक आहे याकडे जाता येते. आणि तिथून कोणाला काय वाटते. वाघाने भोपळा पाहिला का? पाहिला. भोपळ्याच्या आतले पाहिले का? नाही. मग आत कोण आहे हे त्याला ठाऊक असेल का? शेवटचा प्रश्न एकदम विचारला तर भिंत लागते.

दुसरा आक्षेप वैज्ञानिक आहे: जुना, परका, वीस-एकवीस मुलांचा प्रयोग, त्यावर एवढी इमारत कशाला? खरे तर हा आक्षेप माझ्या बाजूनेच बोलतो. त्या वीसांतली चार मुले उत्तीर्ण झाली होती हे विसरून चालणार नाही. फ्रान्सेस्का हॅपे यांनी १९९५ मध्ये दाखवले की यात भाषेच्या वयाचा, म्हणजे भाषेची समज कितव्या वर्षाइतकी आहे याचा, मोठा वाटा आहे. सर्वसाधारण मुलांना जे चारच्या सुमारास साधते ते स्वमग्न मुलांनाही साधते, फक्त त्यासाठी भाषेचे वय नऊच्या आसपास यावे लागते. त्यांनीच १९९४ मध्ये थट्टा, उपरोध, पांढरे खोटे, दुहेरी डाव अशा प्रसंगांच्या गोष्टींची चाचणी तयार केली, कारण सॅलीचा प्रश्न सोडवणारेही इथे अडखळतात. २०१९ मध्ये गर्न्सबाकर आणि यर्गो यांनी तर ‘स्वमग्नांना मनाची जाण नसते’ या सरसकट दाव्यालाच आव्हान दिले. निरनिराळ्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, भाषेचा भार वगळला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते बरेचसे पटते. सरसकट दावा पडला तरी १९८६ चा साधा धडा उभा राहतो: एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. न बोलणाऱ्या मुलांबाबत तर हे अधिकच खरे आहे. त्यांना गोष्ट ‘सांगायला’ लावणे म्हणजे भाषेची परीक्षा घेऊन समजुतीचा निकाल लावणे. चित्रे लावायला दिली तर निदान हात बोलतो.

तिसरा आक्षेप साहित्यिकांचा. मन उघड करून सांगितले तर गोष्टीत उरले काय? सूचकता गेली की गोष्ट सपाट झाली. हा आक्षेप छापील गोष्टीच्या अभ्यासातून येतो, तोंडी गोष्टीच्या नाही. भोपळ्याची गोष्ट रंगवून सांगणारी कुठलीही आजी त्या जागी थांबते, आवाज खाली आणते आणि म्हणते की त्या वाघाला बिचाऱ्याला काय ठाऊक. वाघाचे अज्ञान तिथे शब्दांत सांगितलेले असते, आणि तरी मुले हसतात, किंबहुना म्हणून हसतात. लोककथा मन लपवत नाही, ते नाचवून दाखवते. सूचकता आणली ती चार ओळींच्या पाठाने आणि शब्द नसलेल्या चित्रपट्टीने, जिथे जागा वाचवायला निवेदकालाच काढून टाकले. स्वमग्न मुलासाठी मन उघड सांगा याचा अर्थ गोष्ट पातळ करा असा नाही; निवेदकाला परत बोलवा असा आहे.

आणखी एक बाजू आहे आणि ती या चर्चेत सहसा उशिरा येते. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की न समजणे दुतर्फा आहे. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही तसे इतरांनाही त्याचे कळत नाही, आणि आपण फक्त एका बाजूचे गुण कापतो. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे गोष्टीवरच तपासले. आठ-आठ प्रौढांच्या साखळ्या. पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला सांगायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी एकही स्वमग्न नसलेल्या साखळीत. आलटून पालटून बसवलेल्या साखळीत ती जास्त झिजली. २०२५ मध्ये त्याच गटाने अधिक माणसांवर केलेल्या अभ्यासात मिश्र साखळीची ती तूट दिसली नाही, त्यामुळे त्या भागावर फार भार टाकू नये. पण दोन्ही वेळा स्वमग्नांची साखळी मागे पडली नाही, आणि ‘यांना गोष्ट पुढे नेता येत नाही’ हे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

उपचाराच्या अंगाने एवढेच सांगतो. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘सोशल स्टोरी’ ही पद्धत आणली: दवाखान्यात जाणे, रांगेत उभे राहणे असा एक प्रसंग मुलाच्या बाजूने, शांत वाक्यांत लिहून द्यायचा. ग्रे यांचा आग्रह वर्णनाचा होता, आज्ञेचा नाही. ‘मी गप्प बसेन’ अशी सहा वाक्ये लिहिली की ती गोष्ट राहत नाही, सूचनाफलक होतो. कागदोपत्री आपल्याकडेही बरेच झाले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. पनवेल तालुक्यात, खारघरला, सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. त्याच मातृसंस्थेने तयार केलेल्या चाळीस कलमी भारतीय मापनपट्टीवर स्वमग्नतेची तीव्रता ठरते आणि दाखल्यावर टक्केवारी येते. ती टक्केवारी सवलतींसाठी हवीच. मुलाला कोणती गोष्ट वाचून दाखवायची, हे मात्र तीवरून कळत नाही.

ते कळायला शिक्षकाला दूरचे साहित्य लागत नाही. उदाहरणार्थ, पनवेलहून पेणकडे जाताना महामार्गालगत कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तेवढ्या एका परिसरात तिन्ही जाती मिळतात. सुळका उभा कसा राहिला, ही पहिल्या जातीची गोष्ट: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याचा काळा कातळ, भोवतालचा भाग झिजला, हा उरला, त्याच्या पायथ्याशी खोदलेल्या टाक्यांत पाणी साचते. पुरंदरच्या तहात १६६५ ला मोगलांकडे गेलेला हा किल्ला १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला तो मातीचे आणि फळ्यांचे आडोसे पुढे पुढे उभारत, असे जुने गॅझेटियर सांगते. युद्धाची असूनही ही गोष्ट हाताने मांडून दाखवता येते. खालच्या सुमारे १२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात दुसऱ्या जातीच्या गोष्टी झाडाझाडावर आहेत, आणि त्यांतली एक फार उपयोगी आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. कावळी त्यातून निघालेल्या पिल्लाला भरवते. ‘घरट्यात चोच उघडली की कावळी भरवते’ असे सांगितले तर ही वागण्याची गोष्ट. ‘कावळीला वाटते ते आपलेच पिल्लू आहे’ असे सांगितले तर मनाची. घटना एकच, झाड एकच. मूल पहिली वाट धरून आत आले की दुसरे वाक्य त्याच्यासमोर ठेवता येते, आणि ते नाही पटले तर पहिले खोटे ठरत नाही. पक्षितज्ज्ञ तर पहिल्याच वाक्यावर अधिक विश्वास ठेवील.

किल्ल्याच्या जवळच शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडके यांचे १८४५ चे जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. फडक्यांची गोष्ट आपण नेहमी मनाकडून सुरू करतो: आई आजारी, पुण्याच्या कचेरीतून रजा नाही, संताप, बंड. संतापापासून बंडापर्यंतची उडी ही या गोष्टीतली सर्वांत कठीण जागा आहे आणि ती आपण पहिल्याच वाक्यात घेतो. तीच गोष्ट दुसऱ्या टोकाने धरता येते. एडनच्या तुरुंगातून ते कोठडीचे दार बिजागऱ्यांवरून सोडवून बाहेर पडले असे सांगतात. बिजागरी म्हणजे काय, ती सुटली की दार कसे निघते, हे वर्गातल्या दारावर दाखवता येते. मग ते किती लांब गेले, पुन्हा कसे पकडले गेले, १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनलाच कसे वारले. मग मागे, १८७९ मध्ये ते कसे सापडले, पुण्यात खटला कसा चालला, सार्वजनिक काकांनी वकीलपत्र कसे घेतले. आणि खटल्यापाशी आलो की मनाच्या प्रश्नालाही ठोस उत्तर मिळते, कारण फडक्यांनी आपले आत्मवृत्त आणि रोजनिशी लिहून ठेवली होती, ती सरकारच्या हाती लागली आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात वाचली गेली. त्यांच्या मनात काय होते हे न्यायाधीशालाही चेहऱ्यावरून ओळखावे लागले नाही. त्याच्यापुढे कागद होता. तोच कागद, सोप्या मराठीत उतरवून, मुलापुढे ठेवता येतो.